स्टेपनीवांचून प्रवास



विजेची मोटार विकत घेणारा मनुष्य दुकानांत अनेक प्रश्न विचारतो. एकदां भरलेली वीज किती किलोमीटर पुरेल, ती भरावयास किती वेळ लागेल, बॅटरी किती वर्षें टिकेल, हे ते प्रश्न होत. एक प्रश्न मात्र तो बहुधा विचारीत नाहीं : वाटेंत टायर पंक्चर झाला तर काय करावयाचें? तो सुचत नाहीं याचें कारण असें कीं, त्याचें उत्तर आपण सर्वांनीं गृहीत धरलेलें आहे. मागच्या सामानाच्या कप्प्याखालीं पांचवें चाक असतें. तें काढावें, लावावें आणि पुढें जावें. परंतु हल्लींच्या पुष्कळशा विजेच्या मोटारींत हें पांचवें चाक नसतेंच. त्याच्या जागीं एक लहानशी पेटी असते. तींत एक बाटली व एक पंप असतो, आणि मालकानें ती पेटी कित्येकदां उघडूनही पाहिलेली नसते. त्या पेटीचा उपयोग कसा करावा, तिच्या मर्यादा कोणत्या आणि ती जेथें निरुपयोगी ठरते तेथें काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या पांचव्या चाकास आपण 'स्टेपनी' म्हणतों. त्या शब्दाची हकीकत थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनीं १८४५ सालींच मांडून तिचें पेटंट घेतलें होतें. पण ती व्यवहारांत रुळली ती बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप यांनीं १८८८ सालीं ती पुन्हां शोधून काढल्यावर. हवेच्या टायरबरोबर पंक्चरही जन्मास आलें. त्या काळच्या मोटारींचीं चाकें सहजासहजीं निघत नसत. तेव्हां रस्त्याच्या कडेस बसून टायर उतरवावा, ट्यूबला ठिगळ लावावें आणि घाम गाळीत हवा भरावी, असा क्रम असे. १९०४ सालीं वेल्समधील लॅनेली गांवच्या डेव्हिस बंधूंनीं आरे नसलेली एक कडी तयार केली. तिच्यावर हवा भरलेला टायर बसविलेला असे, आणि पंक्चर झालेल्या चाकास ती बाहेरून जखडतां येई. त्यांचा कारखाना स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावर होता, म्हणून त्या चाकास स्टेपनी हें नांव पडलें. मूळ वस्तु कधींच लोपली; परंतु वेल्समधील एका रस्त्याचें नांव आपल्या पंक्चरवाल्याच्या तोंडीं अद्याप नांदत आहे.

इतकें उपयोगी चाक गाडींतून कां काढून टाकलें? पहिलें कारण वजनाचें. विजेच्या मोटारीची बॅटरीच कित्येक शें किलो वजनाची असते. वजन जितकें वाढेल तितकी वीज अधिक लागते आणि एका भरणींत कापावयाचें अंतर तितकें घटतें. चाक, जॅक आणि पाने यांचें ओझें वर्षानुवर्षें वाहावें आणि तें क्वचित् एखादे वेळीं उपयोगी पडावें, हा व्यवहार कारखानदारांस परवडेनासा झाला. दुसरें कारण जागेचें. बॅटरी गाडीच्या तळाशीं पसरलेली असल्यामुळें चाक ठेवावयाचें कोठें, हा प्रश्न उरतोच. आपल्या देशांत कायद्यानेंही यास वाट करून दिली. २०२० सालच्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींत टायरमधील हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीची पेटी असल्यास जादा चाक ठेवण्याची आवश्यकता नाहीं, असें तींत ठरलें. त्यायोगें मोकळ्या होणाऱ्या जागेंत मोठी बॅटरी बसवितां येईल, हा लाभही सरकारनें त्या वेळीं सांगितला होता.

असो. चाक गेलें, पंक्चर मात्र गेलें नाहीं. पूर्वीं तें संकट चाक निभावून नेत असे. आतां तें मालकाच्या ज्ञानानें निभवावें लागतें. या बदलाचें महत्त्व शहरांत जाणवत नाहीं, कारण तेथें नाक्यानाक्यावर पंक्चरवाला असतो. परंतु मुंबई-नागपूर समृद्धि महामार्गाचें उदाहरण घ्या. ७०१ किलोमीटर लांबीचा हा रस्ता ५ जून २०२५ पासून संपूर्ण खुला झाला. त्याच्या दोन्ही बाजूंस कुंपण आहे, मोटारी ताशीं शंभराच्या वर वेगानें जातात, आणि वडाच्या झाडाखालीं टायर टांगून बसलेला पंक्चरवाला तेथें भेटावयाचा नाहीं. अशा ठिकाणीं रात्रीं मुलाबाळांसह अडकून पडणें ही नुसती गैरसोय नव्हे. त्यांत जिवाचा धोका आहे.

पंक्चर होतें तेव्हां प्रथम काय घडतें हें समजून घेणें अवश्य आहे. खिळा रुतल्यावर हवा बहुधा एकदम जात नाहीं, हळूहळू गळते. दाब कमी झाला कीं टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यास अधिक वांकतात. वांकण्यानें उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेनें भिंतीच्या आंतील धागे कमकुवत होतात. रिकाम्या टायरवर थोडे किलोमीटर गाडी दामटली कीं, ज्या टायरला एक लहानसें भोंक होतें तो टायर कायमचा निकामी होतो. विजेच्या मोटारीचें वजन अधिक असल्यामुळें हा नाश लवकर होतो. म्हणून समोरच्या फळीवर दाबाचा दिवा लागला असतां 'पुढच्या गांवीं पाहूं' असें म्हणूं नये. स्टेपनी असलेल्या गाडींत हा आळस एका टायरच्या किमतीवर भागत असे. स्टेपनी नसलेल्या गाडींत त्यापायीं सगळा प्रवास थांबतो.

टायर एकाएकीं फुटला तर विजेच्या मोटारींत एक विशेष सावधगिरी बाळगावी लागते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढतांच या गाड्यांची मोटर उलट वीज निर्माण करूं लागते आणि त्यामुळें गाडीला चांगलाच अटकाव होतो. चारांपैकीं एक चाक रिकामें असतां असा अचानक अटकाव झाला तर गाडी बाजूस ओढली जाते. म्हणून स्टिअरिंग दोन्ही हातांनीं घट्ट व सरळ धरावें, पाय झटकन् न उचलतां हळूहळू सैल करावा, ब्रेक जोरानें दाबूं नये, आणि वेग उतरल्यावर गाडी अगदीं डाव्या कडेस घ्यावी. चमकणारे दिवे लावावे. सर्वांना रहदारीच्या विरुद्ध बाजूनें उतरवून कठड्यापलीकडे उभें करावें. धोक्याचा त्रिकोण मागें नेऊन ठेवणें सुरक्षित असेल तरच न्यावा. वेगवान रहदारीच्या कडेला उजव्या बाजूचें चाक तपासीत बसणें हें कोणत्याही टायरपेक्षां महाग पडतें. तेथें मदतीस हांक मारून वाट पाहावी हेंच शहाणपण.

जागा सुरक्षित असेल तर टायरकडे नीट पाहावें. भोंक रस्त्यास टेकणाऱ्या जाड भागांत आहे कीं बाजूच्या भिंतींत, यावर पुढचें सर्व अवलंबून आहे. जाड भागांतील खिळ्यास्क्रूचें भोंक दुरुस्त होतें. भिंत फाटली असेल, कापली गेली असेल किंवा टायर रिममधून सुटला असेल तर पेटींतील कोणत्याही वस्तूचा उपयोग नाहीं. उगाच बाटली वायां घालवूं नये.

पेटींतील बाटलींत बहुधा रबराच्या चिकासारखा द्रव असतो. तो व्हॉल्व्हमधून टायरमध्यें गेला कीं चाक फिरतांना आंतून सर्वत्र पसरतो, बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर भोंकापाशीं येतो आणि तेथें गोठून बुचासारखा बसतो. यावरून दोन नियम निघतात. रुतलेला खिळा उपटूं नये, कारण भोंक बुजविण्याचें अर्धें काम तोच करीत असतो. आणि द्रव भरून हवा झाली कीं लगेच निघावें, कारण चाक फिरल्यावांचून द्रव पसरणार नाहीं. पंपाला वीज गाडीच्या १२ व्होल्टच्या खोबणींतून मिळते. त्यासाठीं गाडी चालू अवस्थेंत ठेवून पार्किंगचा ब्रेक लावावा. पंप सलग किती मिनिटें चालवावा हें त्यावर लिहिलेलें असतें. तें पाळावें, कारण लहान पंप लवकर तापतो. थोडे किलोमीटर गेल्यावर थांबून दाब पुन्हां पाहावा. तो टिकला असेल तर बाटलीवर छापलेल्या वेगानें, आणि ती मर्यादा सामान्यतः ताशीं ८० किलोमीटरची असते, सर्वांत जवळचें दुरुस्तीचें दुकान गांठावें. दाब पुन्हां बराच उतरला असेल तर पुढें जाऊं नये. दुरुस्ती करणाऱ्यास आंत द्रव आहे हें आधीं सांगावें. टायर व दाब मोजणारें यंत्र दोन्ही धुवावीं लागतात. ही दुरुस्ती तात्पुरती आहे, हें विसरतां कामा नये.

बाटलीवर मुदतीची तारीख छापलेली असते, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. कांहीं वर्षांनीं आंतील चीक घट्ट होतो. मग पेटी असून नसल्यासारखी. दुसरें असें कीं, विजेची गाडी मुळांतच निःशब्द असल्यामुळें रस्त्याचा आवाज अधिक जाणवतो, आणि तो शमविण्याकरितां कांहीं टायरांच्या आंत फोमचा थर चिकटविलेला असतो. हा फोम द्रव शोषून घेण्याचा संभव असतो. आपल्या टायरांत तो आहे काय, आणि असल्यास द्रव चालेल काय, हें गाडीच्या पुस्तिकेंत आधींच पाहून ठेवावें.

या बाटलीपेक्षां मला स्वतःला अधिक भरंवशाची वाटणारी एक युक्ति आपल्या नाक्यावरचा पंक्चरवाला रोज करीत असतो. तो खिळा उपटतो, टोच्यानें भोंक साफ करतो, चिकट रबरी दोरी सुईंत ओंवून आंत दाबतो, सुई झटक्यानें बाहेर काढतो आणि वर राहिलेलीं टोंकें कापतो. ट्यूब नसलेल्या टायरचें पंक्चर अशा रीतीनें चाक गाडीवरून न उतरवितांही काढतां येतें; चाक थोडें फिरवून किंवा स्टिअरिंग वळवून भोंक समोर आणलें म्हणजे झालें. जॅक लागत नाहीं, आणि टायरमध्यें चिकटा होत नाहीं. टोच्या, सुई, दोऱ्या, पक्कड आणि पंप एवढें साहित्य एका पिशवींत मावतें. कोणा पंक्चरवाल्यास योग्य मोबदला देऊन त्याच्या जुन्या टायरवर दोन-तीनदां हात बसवून घ्यावा. विद्या शिकावयास वय आड येत नाहीं, आणि गुरु रस्त्याच्या कडेस बसलेला असला म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाहीं.

आतां जॅकविषयीं एक इशारा. साध्या मोटारीच्या पोटाखालीं दिसेल तेथें जॅक लावण्याची संवय अनेक कारागिरांना असते. विजेच्या मोटारींत त्या पोटाशीं बॅटरी असते, आणि ती गाडीचा सर्वांत महाग भाग होय. दोन टनांच्या घरांतील गाडीचा भार जॅकच्या लहानशा टोंकावर आला आणि तें टोंक बॅटरीच्या कवचाखालीं असलें, तर पंक्चर बाजूस राहून भलतेंच नुकसान होतें. कारखानदारानें कडेस जॅकच्या जागा ठरवून दिलेल्या असतात. टेस्लाच्या कांहीं गाड्यांत तर तेथें बसविण्याचे वेगळे रबरी ठोकळे वापरतात. ज्या गाडींत हवेवर चालणारें सस्पेन्शन आहे, तींत जॅक लावण्यापूर्वीं तें स्वयंचलित काम बंद करावें लागतें. त्या जागा मालकास दाखवितां आल्या पाहिजेत. त्या दाखवीपर्यंत कोणासही गाडीखालीं जॅक सरकवूं देऊं नये.

दुरुस्ती होणारच नसेल तर गाडी उचलून न्यावी लागते. येथेंही जुनी रीत चालत नाहीं. जीं चाकें मोटरला जोडलेलीं आहेत तीं जमिनीवर ठेवून गाडी दोरानें ओढली, तर मोटर फिरून वीज निर्माण करूं लागते आणि यंत्रणेस अपाय होऊं शकतो. म्हणून मदत मागवितांना 'विजेची गाडी आहे, सबंध गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक पाठवा, आणि एक चाक फिरण्याजोगें नाहीं' हीं तिन्ही वाक्यें स्पष्ट सांगावीं. राष्ट्रीय महामार्गावर मदतीचा क्रमांक १०३३ आणि सर्वत्र आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे; गाडीच्या कंपनीचा व विम्याचा क्रमांक मात्र कागदावर लिहून गाडींत ठेवावा, कारण मोबाईलची बॅटरी नेमकी अशा वेळींच संपते.

मग पांचवें चाक विकत घेऊन ठेवावें काय? शहरांत फिरणाऱ्यास त्याची गरज नाहीं. ज्याला वारंवार दूरच्या, निर्मनुष्य वाटेनें जावें लागतें त्यानें तें अवश्य घ्यावें. परंतु कारखानदारानें मान्य केलेल्या मापाचें, जॅक व पाना यांसह, आणि सामानांत पट्ट्यानें घट्ट बांधून. अर्धवट बसणारें स्वस्त चाक म्हणजे तिसरेंच संकट.

सर्वांत सोपी तयारी मात्र पंक्चर होण्यापूर्वींचीच आहे. जड गाडीस टायरमध्यें दाबही अधिक लागतो. टेस्लाच्या मॉडेल ३ च्या अनेक गाड्यांस दर चौरस इंचास ४२ पौंड सांगितलेले आहेत. आपल्या गाडीचा आंकडा चालकाच्या दाराच्या चौकटीपाशीं लिहिलेला असतो. तो टायर थंड असतांना मोजून पाहावा, कारण तपमान पांच-सहा अंश सेल्सिअसनें चढलें कीं दाब सुमारें एक पौंडानें वाढतो. खांचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली कीं टायर बदलावा.

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, ही म्हण आपण मुलांना शिकवितों. येत्या रविवारीं सकाळीं घराच्या आवारांत गाडी उभी करून ती पेटी उघडावी. बाटलीची तारीख वाचावी, पंप लावून एका टायरचा दाब मोजावा, पुस्तिकेंतील जॅकच्या जागा वांकून प्रत्यक्ष पाहाव्या, आणि घरांत जीं जीं माणसें ती गाडी चालवितात त्या सर्वांना जवळ उभें करून हें दाखवावें. यास अर्धा तास पुरे होतो. एवढें झालें म्हणजे गाडींत पांचवें चाक नसलें तरी कोठेंही जाण्यास हरकत नाहीं.