रक्तचाळणी, प्रसवपूर्व

गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत मातेच्या रक्ताची तपासणी करून गर्भात गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता वर्तविण्याच्या पद्धतीस प्रसवपूर्व रक्तचाळणी म्हणतात. ही चाळणी आहे, निदान नव्हे. दोष आहे वा नाही, असे उत्तर तिच्यातून मिळत नाही. ‘२५० त १’ अशा स्वरूपाची संभाव्यता मिळते. हा भेद न उमगल्याने काही कुटुंबे अकारण धास्तावतात, तर काही अकारण निर्धास्त होतात.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. २१ व्या जोडीत एक गुणसूत्र जादा असल्यास डाऊन लक्षणसमूह उद्‌भवतो. १८ व्या व १३ व्या जोडीतील तशाच दोषांस अनुक्रमे एडवर्ड्‌स व पाताऊ लक्षणसमूह म्हणतात. डाऊन लक्षणसमूहाचे वर्णन जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये केले. जादा गुणसूत्राचा शोध १९५९ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. असे मूल जन्मण्याची शक्यता मातेच्या वयाच्या २० व्या वर्षी सु. १,५०० त १, ३५ व्या वर्षी सु. ३५० त १ आणि ४० व्या वर्षी सु. १०० त १ असते. तथापि एकूण प्रसूतींत तरुण स्त्रियांचेच प्रमाण मोठे असल्याने केवळ वयावरून निवड केल्यास पुष्कळ गर्भ नजरेतून सुटतात.

‘डबल मार्कर’ या नावाने परिचित असलेली परीक्षा ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान करतात. तीत वारेपासून निर्माण होणारे मुक्त बीटा-एचसीजी हे हॉर्मोन व पॅप-ए हे प्रथिन मोजतात. डाऊन लक्षणसमूहात पहिले सर्वसाधारणपणे दुप्पट व दुसरे निम्मे आढळते. त्यांना सोनोग्राफीने मोजलेल्या गर्भाच्या मानेमागील द्रवाच्या जाडीची व मातेच्या वयाची जोड दिल्यास सु. ९० टक्के बाधित गर्भ ओळखता येतात. गर्भाचे वय चुकीचे धरल्यास मात्र सारे गणित चुकते. नमुन्याची हेळसांडही तितकीच बाधक आहे. विक्रोळीसारख्या उपनगरात घेतलेले रक्त पुष्कळदा दूरच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत जाते. रक्तरस वेळीच वेगळा करून थंड न ठेवल्यास उष्णतेने मुक्त बीटा-एचसीजी वाढते आणि निर्दोष गर्भही संशयास्पद ठरू शकतो.

समजा, १०,००० गर्भवतींत १४ गर्भ बाधित आहेत. चाळणी त्यांतील १२-१३ शोधील. पण निर्दोष गर्भांपैकी ५ टक्के, म्हणजे सु. ५००, हेही ‘अधिक जोखीम’ या गटात पडतील. यास्तव अशा निष्कर्षावरून गर्भपाताचा निर्णय घेणे सर्वथा गैर होय. खात्रीसाठी ११ व्या आठवड्यानंतर वारेच्या उतींची किंवा १५ व्या आठवड्यानंतर गर्भजलाची परीक्षा करावी लागते. तीत गर्भपाताचा धोका अल्प असला, तरी असतो.

मातेच्या रक्तद्रवात गर्भाचे डीएनए असते, हे डेनिस लो यांनी १९९७ मध्ये दाखविले. त्यावर आधारलेली परीक्षा २०११ पासून व्यवहारात आली. डाऊन लक्षणसमूहाच्या बाबतीत ती फारच अचूक असली, तरी तीही चाळणीच होय. शिवाय ती महाग आहे, आणि तिच्यातून दहाव्या आठवड्यापासूनच गर्भाचे लिंग कळू शकते.

येथे महाराष्ट्राचा अनुभव महत्त्वाचा ठरतो. गर्भजल परीक्षेचा मुंबईत लिंगनिदानासाठी उघड दुरुपयोग होऊ लागल्याने राज्याने १९८८ मध्ये तिचे नियमन करणारा, भारतातील पहिला कायदा केला; १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य रीतीने सांगणे गुन्हा आहे. निदानपरीक्षेपूर्वी स्त्रीला तिचे परिणाम समजावून तिला कळणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यावी लागते.

१९७१ च्या कायद्यातील गर्भपाताची २० आठवड्यांची मर्यादा उशिरा नोंदणी करणाऱ्या स्त्रियांना जाचक होती. गर्भाच्या हृदयदोषावरून २४ आठवड्यांनंतर मागितलेली परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये नाकारली. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भात गंभीर विकृती असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने २४ आठवड्यांनंतरही गर्भपातास मुभा दिली.