भुसा बघा, धार कळेल

चेनसॉला धार आहे का, हे मी भुशावरून ओळखतो. जाडसर ढलप्या उडाल्या तर ठीक. पिठासारखी पूड पडू लागली की मशीन तिथंच बंद. बोथट साखळी लाकूड कापत नाही, घासते. मग आपण वरून जोर देतो. साखळी ज्यावर फिरते तो बार तापतो, त्याच्या कडा झिजतात, क्लचवर ताण येतो, पेट्रोल वाया जातं. धूर दिसला की गडी म्हणतो, ‘तेल कमी असेल.’ तेल बघावंच, पण बऱ्याचदा दुखणं धारेचं असतं.

जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कोकणात आडवे झालेले आंबे-फणस कापताना माती हाच मोठा वैरी होता. साखळी फिरत असताना बारचं टोक जमिनीला टेकलं की धार गेलीच. म्हणून आधी खोड खराट्यानं झाडायचं.

धार लावायला कानस गोल, साखळीच्या मापाची; ०.३२५ इंच पिचला सहसा ४.८ मिमी. इंजिन बंद, हातात मोजे. दाताच्या आतून बाहेर, साधारण ३० अंशांत, प्रत्येकाला सारखेच हात. परतताना कानस उचलायची. एका बाजूचे दात आखूड झाले तर काप वाकडा जातो. दातापुढच्या बुटक्या उंचवट्याकडे मात्र कुणी बघत नाही! दात झिजून खाली येतो, उंचवटा तसाच राहतो. मग धारदार साखळीही लाकडात शिरत नाही. तो चपट्या कानशीनं, मापपट्टी लावून, दातापेक्षा जेमतेम ०.६५ मिमी खाली ठेवायचा.