अंगणात मुरूम घालताना

पावसाळा तोंडावर आला की अंगणातल्या चिखलाची काळजी सुरू होते. हुबळीच्या आसपासची काळी जमीन पावसात फुगते, पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दाजीबानपेठेसारख्या दाट वस्तीतले चार झाडांचे अंगण असो की शेतावरचे, आम्हांला फरशीपेक्षा मुरूम बरा वाटतो.

मुरूम म्हणजे झिजून सुटा झालेला खडक. हंपीकडे तो ग्रॅनाइटचा, महाराष्ट्राच्या पठारावर बसाल्टचा. कन्नड शेजारी त्याला गरसू म्हणतात. घेताना दोन परीक्षा कराव्यात. मूठभर मुरूम पेल्यातल्या पाण्यात ढवळून ठेवावा. वर गाळाचा जाड थर बसला तर तो माल नको, पावसात त्याचा पुन्हा चिखलच होईल. दुसऱ्या मुठीवर लिंबू पिळावे. फेस आला तर त्यात चुनखडी आहे. अशा मुरमाजवळ लिंबाच्या झाडाला लोह मिळेनासे होते व कोवळी पाने पिवळी पडतात.

वीस फूट लांब, दहा फूट रुंद जागेवर तीन इंच थराला अर्धा ब्रास लागतो. धुम्मसाने ठोकल्यावर तो दबतो, म्हणून थोडा जास्तच आणावा. काळ्या मातीवर नुसता पसरला तर दोन पावसांत खाली गडप होतो. आधी माती चार बोटे काढून दगडांच्या खापऱ्या बसवाव्यात. ठोकलेल्या मुरमात पाणी थोडेच मुरते, तेव्हा दहा फुटांमागे दोन-अडीच इंच उतार झाडांच्या आळ्यांकडे द्यावा.

आळ्यांत मात्र मुरूम नको. पुष्कळजण स्वच्छ दिसते म्हणून खोडापर्यंत भरतात. मुरूम कुजत नाही, त्याचे खत होत नाही आणि तो उन्हात तापतो. तिथे पालापाचोळाच हवा, तोही खोडापासून वीतभर दूर.

आरोग्याचेही पाहा. ओल्या, सावलीच्या मातीत, जिथे कोणी शौचास बसते, तिथे अंकुशकृमीच्या अळ्या वाढतात. त्या अनवाणी पायातून अंगात शिरतात आणि रक्त कमी करतात. मुलांच्या वाटेवरचा कोरडा मुरूम मदत करतो, पण संडास व चपला यांची जागा तो घेऊ शकत नाही. मुरूम पसरताना व झाडताना आधी पाणी शिंपडावे. त्याची बारीक धूळ छातीला वाईट.