वन्यजीव माहितीपट : चौकटीतले आणि चौकटीबाहेरचे

आफ्रिकेतील सिंह, हत्ती, गेंडे यांच्यावरील माहितीपट आपण दूरचित्रवाणीवर पाहिले असतील. अफाट गवताळ मैदान, दबा धरून बसलेली सिंहीण आणि पडद्याआडून येणारा धीरगंभीर आवाज, ही त्यांची परिचित मांडणी. ‘माहितीपट’ या नावामुळे समोर दिसते ते तसेच घडले, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः हाही कथनाचाच एक प्रकार आहे. मागील घटकात आपण कथेतील निवेदकाचा विचार केला. तोच विचार येथेही लागू पडतो.

शिकारीचे दृश्य घ्या. पाठलाग, झेप आणि मृत्यू सलग दिसतात. परंतु अनेकदा निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या प्राण्यांचे केलेले चित्रण जोडून ते सिद्ध होते. फार दूरवरून टिपलेल्या प्राण्याच्या पावलांचा आवाज ध्वनिग्राहकापर्यंत पोहोचतच नाही. तो मागाहून भरला जातो. पात्रांच्या भूमिकाही ठरलेल्या असतात. सिंह राजा, तर तरस उष्ट्यावर जगणारा भित्रा चोर. हान्स क्रूक यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तरस स्वतः समर्थ शिकारी असल्याचे आणि त्यांची शिकार सिंह कित्येकदा हिरावून घेत असल्याचे दाखवून दिले. तरसाची ती प्रतिमा मात्र अद्याप पुसलेली नाही.

या परंपरेतील एक महत्त्वाची कृती म्हणजे ‘सेरेंगेटी मरता कामा नये’ हा १९५९ चा जर्मन माहितीपट. फ्रँकफर्ट प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून ब्रिटिश अंमलाखालील टांगानिकात प्राण्यांची गणना केली. साडेतीन लाखांहून अधिक प्राणी त्यांनी मोजले. उद्यानाच्या सीमा बदलण्याचा सरकारचा बेत होता. वाइल्डबीस्टचे कळप तर नियोजित सीमेपलीकडे चरावयास जातात, असे त्यांना आढळले. हे काम चालू असतानाच, जानेवारी १९५९ मध्ये गिधाडाची धडक बसून विमान कोसळले आणि चोवीस वर्षांचा मिखाएल मरण पावला. पित्याने चित्रपट पूर्ण केला. त्याला ऑस्कर मिळाले. इतकी किंमत मोजून झालेल्या कामाविषयी आदरच वाटावा.

तथापि निवेदकाची भूमिका तपासणे हे अभ्यासकाचे काम आहे. राष्ट्रीय उद्यानात माणसाने, अगदी स्थानिक माणसानेही राहू नये, असे ग्झिमेक यांचे मत होते. त्याच वर्षी कायद्याने मासाई पशुपालकांना सेरेंगेटीबाहेर, शेजारच्या न्गोरोंगोरो परिसरात जावे लागले. हा निर्णय सरकारचा. चित्रपट येण्याआधीच त्याची बोलणी झाली होती. त्याचे खापर चित्रपटावर फोडणे अन्यायाचे ठरेल. परंतु ‘निर्मनुष्य आफ्रिका’ पडद्यावर पुनःपुन्हा पाहिलेल्या प्रेक्षकाला असा निर्णय स्वाभाविक वाटू लागतो, हे नाकारता येत नाही. ज्या मैदानांवर मासाईंची गुरे चरत आली, त्यांच्या ‘सेरेंगेटी’ या नावाचे मूळही मासाईंच्याच भाषेत सांगितले जाते!

स्वाध्याय : आपल्या पाहण्यातील एखाद्या वन्यजीव माहितीपटातील पाच मिनिटांचा भाग प्रथम आवाज बंद करून व नंतर निवेदनासह पाहा. निवेदनाने कोणता अर्थ जोडला? त्या भूमीवरील माणसे कोठे दिसली? सुमारे वीस ओळींत लिहा.