मातृपद आणि राज्यसत्ता

मराठी कुटुंबात मूल झाल्यानंतर स्त्रीचे स्वतःचे नाव हळूहळू मागे पडते आणि 'अमक्याची आई' हीच तिची ओळख होऊन बसते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'चे शीर्षक याच षष्ठी विभक्तीवर उभे आहे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या महाश्वेतादेवींच्या 'हजार चुराशीर मा' या बंगाली कादंबरीच्या शीर्षकातही तीच विभक्ती आढळते. मात्र मुलाच्या नावाच्या जागी तेथे शवागारातील एका प्रेताचा क्रमांक आला आहे. नावाच्या जागी क्रमांक आला, म्हणजे मातृपदाचा प्रश्न घरापुरता राहत नाही. तो राज्यसत्तेशी जाऊन भिडतो.

या कादंबरीतील सुजाता ही कलकत्त्याच्या सुखवस्तू घरातील, बँकेत नोकरी करणारी स्त्री. नक्षलवादी चळवळीत मारल्या गेलेल्या व्रतीचे नाव वृत्तपत्रांत येऊ नये, यासाठी त्याचा पिताच धडपडतो. म्हणजे शासन ज्याला क्रमांक करते, त्याला कुटुंबही विस्मृतीत ढकलते. सुजातेचा शोक म्हणूनच घरातच पहिला विद्रोह ठरतो. मुलाला जन्म देऊनही आपण त्याला ओळखले नव्हते, ही जाणीव तिला त्याच्या सोबत्यांच्या दारी घेऊन जाते. आणि तेथे, सोमूच्या आईच्या दरिद्री घरात, तिला आपल्या दुःखाचे सजातीय भेटते.

कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर तीनच वर्षांनी, दूर अर्जेंटिनात, हाच प्रवास प्रत्यक्षात घडला. २४ मार्च १९७६ रोजी तेथे लष्कराने सत्ता बळकावली आणि सहस्रावधी माणसे नाहीशी झाली. ३० एप्रिल १९७७ रोजी ब्यूनस आयर्सच्या प्लाझा दे मायो या चौकात चौदा स्त्रिया आपल्या मुलांचा ठावठिकाणा विचारण्यासाठी जमल्या. घोळका करून उभे राहू नका, असे पोलिसांनी बजावताच त्या जोडीजोडीने चालू लागल्या, आणि मनाईतूनच त्यांच्या प्रदक्षिणेचा जन्म झाला. बाळाच्या लंगोटाचे पांढरे कापड त्यांनी मस्तकी बांधले. कुटुंब आणि ख्रिस्ती संस्कृती यांचे रक्षक म्हणवून घेणाऱ्या सत्तेपुढे ती खूण फार अवघड ठरली. कारण सत्ता ज्या शब्दांचा जप करीत होती, त्याच शब्दांनी या स्त्रिया तिला जाब विचारीत होत्या. 'वेड्या बायका' अशी त्यांची संभावना झाली. तथापि मातृपद हे अभेद्य कवच मात्र नव्हते. चळवळीच्या प्रवर्तकांपैकी आसुसेना व्हियाफ्लोर यांना डिसेंबर १९७७ मध्ये पळवून नेण्यात आले. त्यांच्या अवशेषांची ओळख पटली ती २००५ मध्ये.

पुढे १९८६ मध्ये या मातांत फूट पडली. हेबे दे बोनाफिनी यांच्या गटाने अवशेषांचे उत्खनन आणि नुकसानभरपाई ही दोन्ही नाकारली. त्यांच्या रुमालांवर आपापल्या मुलांची नावे न राहता, सर्वांना जिवंत समोर आणा, ही एकच मागणी उरली. या भूमिकेची कठोरता मान्य करूनही तिच्यातील तर्क दुर्लक्षिता येत नाही. 'माझा मुलगा' हे स्वामित्व सुटल्याखेरीज मातृत्व हे राजकीय पद होत नाही. मणिपुरात थांगजाम मनोरमा यांच्या हत्येनंतर १५ जुलै २००४ रोजी इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर ज्या बारा स्त्रियांनी विवस्त्र होऊन निषेध केला, त्या स्वतःला मनोरमेच्या माता म्हणवीत होत्या. रक्ताचे नाते तेथे अप्रस्तुत होते.

परंतु या पदाला एक मर्यादाही आहे. समाज आईचे ऐकतो, ते ती निष्पाप व राजकारणाबाहेरची आहे असे गृहीत धरून. महाश्वेतादेवींनी हा धोका ओळखला होता, असे नंदिनीच्या व्यक्तिरेखेवरून म्हणता येते. व्रतीची ही प्रेयसी स्वतः चळवळीत होती, तिने कोठडीतील छळ सोसला. परंतु तिच्या शोकाला समाजाने कोणतेही पद दिलेले नाही. व्रती खऱ्या अर्थाने कोण होता, हे मात्र आईला तिच्याकडूनच कळते. आईचा शब्द वजनदार आहे हे खरेच. पण ज्यांना कोणतेही पद नाही, त्यांचे ऐकण्यास ती शिकते, तेव्हाच त्या वजनाला न्याय मिळतो.