उलटा हात

सकाळचे साडेआठ वाजलेत आणि कन्नौदच्या बाजारात ऊन अजून दुकानांच्या शटरपर्यंतच पोचलंय. मंडीकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या एकीमागे एक चालल्यात. मार्गशीर्षातली थंडी. पोह्यांच्या गाडीवरची वाफ वर न जाता आडवीच पसरते, आणि तिच्याबरोबर जिरावन मसाल्याचा वासही. मी आणि भाचा गाडी कडेला लावून उतरलोय. पुढे नेमावर, तिथून नर्मदेचा पूल ओलांडून हरदा. लग्नाला निघालोय. भाच्याची दाढी पाच दिवसांची.

"तुझी आई मलाच बोलेल," मी म्हणतो. "लग्नात असा येणार आहेस?"

"मामा, गळा अजून जळून राहिलाय." पोरगा इंदूरचा, त्यामुळे मराठी अशी. मफलर सैल करून तो हनुवटी वर करतो. घाटीच्या उजवीकडे लालसर पट्टा आहे, त्यात सात-आठ बारीक पुटकुळ्या. एकदोघींच्या पोटात काळा ठिपका दिसतो. आजी असती तर म्हणाली असती, केसतोड झालंय, चुना लाव. चुना लावला असता तर जे उरलंय तेही गेलं असतं.

पोह्यांच्या गाडीशेजारी सलून आहे. दोन खुर्च्या, समोरासमोर आरसे, त्यामुळे गिऱ्हाइकाला स्वतःचीच मान आत आत जात असलेली दिसते. भिंतीवर हार घातलेली संतांची तसबीर आहे. खाली हिंदीत लिहिलंय, सेन महाराज. आमचे सेना न्हावी ते हेच. वारकरी त्यांना आपल्या संतमेळ्यात धरतात, श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी करतात. इकडचे लोक सांगतात की ते बांधवगडच्या राजाची हजामत करायचे. गोष्ट मात्र दोन्हीकडे एकच आहे: सेना भजनात रमले आणि राजाच्या दाढीला देवालाच त्यांचं रूप घेऊन जावं लागलं. देवानं त्या दिवशी उलटा हात मारला होता का, हे कोणीच लिहून ठेवलेलं नाही.

दुकानदार साठीचे असतील. अंगात हातांनी विणलेला स्वेटर, कानावर कंगवा. आमचं बोलणं ऐकून विचारतात, "महाराष्ट्रीयन हो?" मी हो म्हणतो. जुन्या होळकर राज्यात नेमावर जिल्ह्याचं मुख्य ठिकाण कन्नौद होतं. मराठी इथे कधीकाळी कचेरीच्या पायऱ्या चढत असे. ते मान डोलावतात, त्यांच्या वडिलांनी त्या कचेरीतल्या कुणाकुणाच्या दाढ्या केल्या होत्या म्हणे. मग भाच्याला खुर्चीत बसवतात आणि मफलर स्वतः काढून खुंटीला लावतात.

"कईं हुयो?"

भाचा सांगू लागतो. होस्टेलवर सकाळी गरम पाणी नसतं. पाच पात्यांचा रेझर आहे, नवाच घेतलेला. तोंडावर पाणी मारायचं, हाताला लागेल तेवढा फेस चोळायचा आणि खालून वर, गळ्यापासून हनुवटीपर्यंत, खरखर जाईपर्यंत. दोनदा. कधी तीनदा. वर आफ्टरशेव्ह, जे लावल्यावर डोळ्यांतून पाणी येतं. इंदूरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लांबलचक नाव लिहून दिलंय, सुडोफॉलिक्युलायटिस बार्बी, आणि काही दिवस पातं लावू नका म्हणून सांगितलंय. नाव ऐकून म्हातारबाबा हसतात. "अपने यहाँ तो अंदर का बाल बोलते हैं."

दोन्ही नावांत दुखणं तेच. दाढीचा केस जाड असतो आणि वळणाचा असला तर कापल्यावर त्याला भाल्यासारखं तिरपं टोक येतं. तो वाढताना वळून पुन्हा कातडीतच शिरतो, किंवा कातडीच्या खाली कापला गेला तर बाहेरच येत नाही, आतल्या आत वाढतो. शरीराला तो काट्यासारखा वाटतो. मग सूज, लाली, पू. अनेक पात्यांच्या रेझरची करामतच अशी की पुढचं पातं केस ओढतं आणि मागचं त्याला कातडीच्या पातळीखाली कापतं. गालावर हे खपून जातं. गळ्यावर नाही. अमेरिकेच्या सैन्यात कृष्णवर्णीय जवानांना या त्रासापायी दाढी करण्यातून डॉक्टरी सूट मिळत आली आहे, कारण कुरळ्या केसांना तो फार होतो. आमच्या भाच्याला सूट देणारं कोणी नाही. त्याची आई फोनवर दोनदा विचारून झाली आहे.

म्हातारबाबांचा हात अजून वस्तऱ्याकडे गेलेला नाही. दोन बोटं भाच्याच्या कानाखाली ठेवून ते खाली घाटीपर्यंत आणतात, मग उलट. मग आडवी. पुन्हा. एखाद्यानं अंधारात मांजराच्या अंगावरून हात फिरवावा तसं. एका दिशेला बोट गुळगुळीत जातं, दुसऱ्या दिशेला केस अडवतात. उजव्या बाजूला ते थांबतात.

"यहाँ भँवर है."

भोवरा. डोक्यावरचा भोवरा आपण सगळे ओळखतो, गळ्यावरही तो असतो हे मी चाळीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. भाच्याच्या गळ्यावर डावीकडचे केस हनुवटीकडून खाली येतात, पण उजवीकडचे कॉलरच्या जवळून वर चढतात आणि घाटीशेजारी गोल फिरतात. म्हणजे हा पोरगा खालून वर पातं चालवून एका बाजूला केसांच्या दिशेनं आणि दुसऱ्या बाजूला विरुद्ध करत होता, आणि मधल्या भोवऱ्यात तर प्रत्येक फेऱ्याला कोणता ना कोणता केस उलटाच कापला जात होता. पुटकुळ्या नेमक्या तिथेच आहेत. मी माझ्याही गळ्यावरून बोट फिरवून बघतो. आरशात भाचा मला बघतो आणि हसतो.

"पेलां बाल देखां, फेर हाथ चलावां," म्हातारबाबा म्हणतात.

शेजारच्या चहावाल्याकडून किटलीभर गरम पाणी येतं. स्टीलच्या मगात ओतून त्यात ते टॉवेलाचा तुकडा बुडवतात, पिळतात, आपल्या मनगटावर लावून बघतात आणि भाच्याच्या गळ्याभोवती गुंडाळतात. मग काहीच करत नाहीत. दुकानासमोरच्या हातगाडीवाल्याशी हरभऱ्याचा भाव बोलतात. दोन मिनिटं जातात, तीन जातात. भाचा अस्वस्थ होतो, मी घड्याळाकडे बघतो. या तीन मिनिटांतच अर्धी दाढी होते हे मला फार उशिरा कळलं: कोरडा केस तांब्याच्या तारेसारखा कडक असतो, पाणी पिऊन फुगला की मऊ पडतो आणि पात्याला कमी जोर लागतो. जोर कमी, तर ओरखडा कमी. घरी आपण पाणी मारतो आणि लगेच घासायला लागतो. पाणी केसांना दिलंच नाही, नुसतं दाखवलं.

टॉवेल काढून ते पुन्हा भिजवतात. आता वाटीत साबण, ब्रश, आणि फेस. ब्रश गोल गोल फिरतो, केस उभे करत. पुटकुळ्यांच्या जागी मात्र ब्रश हलका होतो, जवळजवळ फक्त फेस ठेवून येतो. मग खिशातून ब्लेडचं पाकीट. कागदासकट ब्लेड मधोमध मोडतात, कट्कन, आणि अर्धं पातं होल्डरमध्ये सरकवतात. उरलेला अर्धा तुकडा झाकणाच्या डबीत ठेवतात, दुसऱ्या बाजूसाठी. आमच्या लहानपणी चामड्याच्या पट्ट्यावर सटासट फिरवलेला एकच वस्तरा सगळ्या गावाच्या गळ्यावरून जायचा. एड्स आणि कावीळ यांच्या भीतीनं तो वस्तरा गेला, आणि बरं झालं. पातं दुसऱ्याचं नाही हे गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून मोडण्याचा आवाज थोडा मोठा काढतात की काय, असा मला संशय आहे.

आता कातडी. मी समजत होतो की ती ताणून धरली की दाढी चांगली होते. म्हातारबाबा तळहात कानाखाली नुसता टेकवतात, सुरकुती जाईल इतकाच. खूप ताणलं तर केस मुळातून थोडा वर येतो, कापला जातो आणि हात सोडला की आत जातो. डाव्या बाजूला पातं वरून खाली. छोटे, आंगठ्याएवढे हात. प्रत्येक हातानंतर पातं कागदावर पुसलं जातं. जिथून एकदा गेलं तिथे फेस लावल्याशिवाय पुन्हा नाही. उजवीकडे आल्यावर ते खुर्चीच्या मागे जातात आणि दिशा बदलतात: कॉलरपासून वर. बघणाऱ्याला वाटावं की हे उलटं करतायत. पण त्या बाजूचे केस वरच चढतात, त्यामुळे हेच सुलटं. आणि मग भोवऱ्याशी पोचून पातं थांबतं.

"इसपे नहीं."

होल्डर बाजूला ठेवतात आणि केस कापायचं मशीन घेतात, बारीक दात्यांचं. दात्यांवर स्पिरिटचा बोळा फिरवतात, वाळू देतात. मग त्या रुपयाएवढ्या जागेवर मशीन कातडीला दाबून न धरता नुसतं वरून फिरवतात. खुंट राहतात, बोटाला लागतील इतके. पुटकुळ्या शाबूत.

"चिकना नहीं हुआ," भाचा आरशात बघून म्हणतो.

"चिकना करने से ही तो हुआ है, बेटा."

भाच्याला हे पटलेलं नाही, त्याच्या भुवया सांगतात. एक हात, एकच, उलटा मारा ना, फक्त हनुवटीखाली. म्हातारबाबा मान हलवतात. सुजलेल्या जागेवर पातं नेलं तर पुटकुळीचं टोक उडतं आणि मग जंतू घर करतात. हे ते असं सांगत नाहीत. ते म्हणतात, पिकल्यावर माझ्याकडे नाही, डॉक्टरकडे जावं लागेल. लग्नात फोटो दहा फुटांवरून काढतात, खुंट कुणाला दिसणार? आणि आत गेलेला केस नखांनी उकरू नकोस. रोज गरम टॉवेल ठेव, आपोआप वर येईल.

थंड पाणी. मग बाटलीतून फवारा. आफ्टरशेव्ह असेल म्हणून भाचा डोळे मिटून घेतो, पण त्यात तुरटीचं पाणी आहे. पूर्वी तुरटीचा खडाच चोळायचे, पण एकाच खड्यानं सगळ्यांचे गळे कशाला, असं म्हणून त्यांनी ती पाण्यात विरघळवली आहे. तुरटीनं कातडी आवळते, बारीक रक्त थांबतं. शिवाय ती चुगलखोर. "जहाँ चुभे, वहाँ बोलना." भाचा डाव्या जबड्याखाली एका जागी बोट ठेवतो. म्हातारबाबा वाकून बघतात आणि थोडे नाराज होतात, पोरावर नाही, स्वतःच्या हातावर. थोड्या वेळानं तुरटी धुऊन टाकतात, गळा टॉवेलानं टिपतात, पुसत नाहीत, आणि खोबरेल तेलाचे दोन थेंब तळहातावर चोळून नुसता हात ठेवल्यासारखं करतात. पुटकुळ्यांच्या जागेला तेलही नाही.

पुढचं गिऱ्हाईक दाराशी येऊन थांबलंय. डोक्याला साफा, पायांत गव्हाच्या शेतातला चिखल. रात्री पाणी देऊन थेट आलेला दिसतो. भाचा उठतो, शेतकरी बसतो आणि मान मागे टाकत म्हणतो, दोन हात उलटे मारजो, सासरवाडीला जायचंय. म्हातारबाबा ब्रश वाटीत फिरवू लागतात. गळ्यावरून दोन बोटं फिरवतात, फक्त एकदा. आणि थोड्याच वेळात पातं खालून वर जायला लागतं, खर्र, खर्र.

"यांना चालतं?" भाचा मफलर हातात धरूनच विचारतो.

म्हातारबाबा मागे वळत नाहीत. "इनका बाल सीधा है. सीधा निकलता है, मुड़के अंदर नहीं जाता."

शेतकऱ्याला हे काय चाललंय ते कळत नाही. तो डोळे मिटून पडलाय, घाटी वर-खाली होते आहे. मी पैसे देतो. बाहेर ऊन आता पोह्यांच्या गाडीपर्यंत आलंय. भाचा मफलर गळ्याला न गुंडाळता खांद्यावर टाकतो, शर्टाचं वरचं बटण उघडतो, आणि गाडीचं दार उघडता उघडता गळ्यावरून एक बोट फिरवतो, वर, मग खाली, मग आडवं.

"मामा, डावीकडे पण एक छोटा भोवरा आहे."