मावळांतील भामुर्डा

श्रावणांत पाण्याखालीं असलेलें मावळांतील भाताचें खाचर मार्गशीर्षांत पाहिलें, तर तेंच हें शेत असें वाटत नाहीं. लोणावळ्यास वर्षाकाठीं ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत संपतो. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कोणी हरभरा पेरतो, कोणी मसूर, कोणी जमीन तशीच ठेवतो. अशा पडीक तुकड्यांत व बांधांवर, थंडी पडूं लागली कीं एक राखी-हिरवें, लोकरी अंगाचें रोपटें वर येतें. हाच भामुर्डा. कोंकणांत यास निमुर्डी म्हणतात; संस्कृत निघंटूंत हा कुकुंदर.

उंची हात-दीड हात. पानें दातेरी, खालचीं कांहीं फाटल्यासारखीं. बर्मन या डच शास्त्रज्ञानें १७६८ सालीं त्यास 'फाटकी' या अर्थाचेंच लॅटिन विशेषण दिलें. कूळ सूर्यफुलाचें, पण सूर्यफुलाची पिवळी झालर येथें नाहीं. प्रत्येक पिवळें बोंड म्हणजे बारीक नळीदार फुलांचा जुडगा होय.

लोकर थंडीसाठीं असावी, असा पहिला तर्क होतो. तो फारसा खरा नव्हे; मावळची थंडी रोपटें मारण्याइतकी कडक नसते. त्याचा खरा शत्रु कोरडी हवा. पानावरील असंख्य छिद्रांतून पाणी वाफ होऊन जात असतें. केंसांच्या दाट थरांत हवा अडकून राहिल्यानें वारा त्या छिद्रांस थेट लागत नाहीं आणि पाण्याचा व्यय मंदावतो. फिकट केंसांवरून ऊनहि थोडें परततें. जमिनींतील ओल दिवसेंदिवस आटत असतां ज्यास फुलून बीं धरावयाचें आहे, त्यास एवढें घोंगडें हवेंच.

याच लंवेंतील कांहीं केंसांच्या टोंकांस सूक्ष्म ग्रंथि असतात. पान चुरगळलें कीं बोटें चिकट होतात व टर्पेंटाईनसारखा उग्र वास सुटतो, तो त्यांतील तेलाचा. कोंकणांत पिसवा हांकलण्यास निमुर्डी वापरीत, अशी नोंद डायमॉक प्रभृतींच्या 'फार्माकोग्राफिआ इंडिका' या १८९० ते १८९३ च्या ग्रंथांत आहे. घरीं काढा करूं पाहणाऱ्यानें मात्र जपावें. भामुर्ड्याचीं भावंडें पुष्कळ, आणि त्यांतील भेद अनेकदां भिंगाखालींच कळतो.

पुण्याचें जुनें भांबुर्डें, जेथें पाताळेश्वराचें लेणें आहे तें, आतां शिवाजीनगर म्हणून ओळखलें जातें. त्या जुन्या नांवाचें या रोपट्याशीं असलेलें साम्य सहज लक्षांत येतें. मावळांतहि, विशेषतः २००२ सालीं द्रुतगति मार्ग पूर्ण झाल्यापासून, पुष्कळ खाचरांचे बंगल्यांचे भूखंड झाले. त्यानें भामुर्डा मरत नाहीं. त्याच्या बियांस पांढऱ्या केंसांची छत्री असते. रस्त्याच्या कडेस, पाया खणून टाकलेल्या मातींतहि तो सुखानें रुजतो. कमी होत आहेत ते त्यास ओळखणारे. खाचर करणाऱ्या घरांतील म्हातारी त्यास नांवानें ओळखते. बंगल्याच्या हिरवळींतून उपटणाऱ्यास तें केवळ तण. फाल्गुनांत मळवली वा कामशेत स्थानकावर उतरणाऱ्यानें एक पान चुरगळून पाहावें, आणि बांधावर कोणी वृद्ध भेटल्यास त्यास तेथलें नांव विचारावें.